शिक्का नसलेली बोरमाळ

मी एक जुनी बोरमाळ आहे. जुनी म्हटलं की लगेच चेहरे पाडून "अरेरे, बिचारी" म्हणू नका, मित्रांनो. बिचारी मी कधीच नव्हते. एकतीस मणी आहेत माझे, बोराएवढे, आणि एकेक मणी बावीस कॅरेटचा. तरीही गेल्या वर्षी मला प्लास्टिकच्या पिशवीत, तुटक्या बांगड्या आणि कुणाच्या तरी शाळेच्या बिल्ल्यांबरोबर कोंबलं होतं, आणि चांगली जाणती म्हणवणारी माणसं मला "खोटी" म्हणून खुशाल पुढे गेली. का? तर म्हणे माझ्यावर शिक्का नाही! तीच गोष्ट सांगायला बसले आहे. ती माझी आहे तितकीच शैलाकाकूंची आहे, आणि त्यांच्यावर जे बेतलं होतं ते माझ्यापेक्षा मोठं होतं.

मी मूळची कराडची. एकनाथ पोतदार नावाच्या सोनारानं मला घडवलं. त्यानं शैलाच्या आईला समोर पाटावर बसवून घेतलं आणि तिच्या डोळ्यांदेखत सोन्याचा पातळ पत्रा ठोकला. पितळी साच्याच्या खळग्यात दाबून त्याच्या इवल्या वाट्या केल्या. दोन वाट्या जोडल्या की एक मणी. आत गरम लाख भरली, म्हणजे मणी पटकन चेपू नये आणि सोनंही बेतानं लागावं. मग रिठ्याच्या पाण्यात धुऊन मला असं काही चमकवलं की मीच दिपून गेले! पटवेकऱ्यानं तांबड्या रेशमात ओवलं. शिक्का कुणी मारला नाही, कारण कुणाला त्याची गरजच वाटली नाही. घेणारी समोर बसली होती, देणारा समोर बसला होता, आणि दोघांना एकमेकांच्या सात पिढ्या ठाऊक होत्या.

लग्नात मी शैलाच्या गळ्यात पडले आणि वर्षभरात तिच्याबरोबर थेट अमेरिकेत, सांता क्लाराला आले. आता सगळे तिला शैलाकाकू म्हणतात, तर मीही काकूच म्हणते. जगन्नाथकाका तिथे चिपच्या कारखान्यात इंजिनियर होते. पुढे काकूंनाही तिथेच काम लागलं. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा आणि अंगावर दागिन्याचा कण नको, असा तिथला नियम. मग दिवसभर मी लॉकरमध्ये. पाच वाजले की काकू मला पुन्हा गळ्यात घालत आणि पँट-शर्टावर तशाच बसमध्ये, दुकानात, पोस्टात हिंडत. दुकानातली बाई विचारायची, "इज दॅट रिअल?" काकू म्हणायच्या, "ॲज रिअल ॲज मी." काय ती मिजास! ते दिवस माझे भरभराटीचे होते. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पहिल्या गणपतीत तर बायका आरती सोडून माझ्याकडेच बघत होत्या. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

एक्क्याण्णव साली त्यांनी फ्रीमाँटला टाउनहाउस घेतलं आणि माझं नशीब फिरलं. त्याच वर्षी आमच्या रस्त्यावरची दोन भारतीय घरं फुटली. चोरांना पक्कं ठाऊक होतं की या लोकांच्या घरात सोनं असतं, आणि ते बेडरूमच्या कपाटात साड्यांच्या घडीत असतं. काकू घाबरणाऱ्यांतल्या नव्हेत, पण डोकं चालवणाऱ्यांतल्या मात्र आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरात तीस बायका जमल्या होत्या. कुणीतरी विचारलं, "बोरमाळ नाही घातलीस?" काकूंनी तोंड एवढंसं केलं आणि म्हणाल्या, "विकली बाई, डाउन पेमेंटला." सगळ्या हळहळल्या. दहा वर्षांचा विक्रम, काकूंचा एकुलता एक मुलगा, तिळगूळ वाटत होता, त्यानंही ते ऐकलं. खरं काय ते फक्त जगन्नाथकाकांना माहीत होतं.

आणि मी कुठे होते? निळ्या पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात, बटणांच्या खाली. मित्रांनो, तो डबा तुमच्याही घरात असेल. आपल्या लोकांच्या घरात तो डबा उघडून आजवर कुणाला बिस्कीट मिळालेलं नाही. आत सुया, दोऱ्याची रिळं, ब्लाउजचे हुक आणि बटणं. चोर काय, मुंगीसुद्धा तिकडे फिरकणार नाही. जागा अगदी चोख होती, हे मला मान्य आहे. पण मला राग आला होता, आणि तो मी लपवणार नाही. जिवंतपणी मला विकलेली म्हणून जाहीर केलं होतं! त्यानंतर वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, पडदे लावून काकू मला अर्धा तास गळ्यात घालायच्या. बघायला एकटे जगन्नाथकाका.

अशाच एका लक्ष्मीपूजनाला माझं रेशीम तुटलं. मणी सोफ्याखाली, टेबलाखाली, जिकडे तिकडे. जगन्नाथकाका टॉर्च घेऊन गुडघ्यांवर रांगले आणि एकतीसच्या एकतीस मणी शोधून दिले. आता फ्रीमाँटमध्ये पटवेकरी कुठून आणायचा? काकू बाथरूममध्ये गेल्या आणि दातांत घालायचा तो फ्लॉसचा दोरा घेऊन आल्या. "हा तुटत नाही," म्हणाल्या, आणि दर दोन मण्यांमध्ये एक गाठ मारत मला ओवून काढलं. रेशमातून फ्लॉसमध्ये! कित्येक महिने मला पुदिन्याचा वास येत होता. पण दोरा तुटला मात्र नाही.

तीन वर्षांपूर्वी जगन्नाथकाका गेले. माझा एकुलता एक साक्षीदार गेला. पुढे काय वाढून ठेवलंय याची तेव्हा ना मला कल्पना होती, ना काकूंना.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या हॉस्पिटलात होत्या तेव्हा विक्रम सनीव्हेलहून आला, बरोबर त्याची मुलगी आन्या. आन्या एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकते. मराठी समजतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये देते. "आजी यायच्या आत घर मोकळं करू," विक्रम म्हणाला. "वॉकर घेऊन चालायचंय तिला, पायात काही यायला नको." मुलगा वाईट नाही हो. प्रेमानंच करत होता. पण प्रेमानं हात चालवला की डोकं चालत नाही. त्यानं निळा डबा हलवला, आतून खुळखुळ आवाज आला.

"बटन्स," तो म्हणाला.

"डोनेट?" आन्यानं विचारलं.

"हो, टाक त्या बॉक्समध्ये."

मी आतून ओरडत होते! पण सोन्याचा आवाज कुणाला ऐकू जातो? डब्याची जागा इतकी चोख की पोटच्या पोरालाही संशय आला नाही. बारा खोकी गाडीत गेली आणि त्याच दुपारी आम्ही थ्रिफ्ट स्टोअरच्या, म्हणजे लोकांनी दान केलेलं सामान विकणाऱ्या दुकानाच्या, मागच्या दारात उतरलो.

आता घरी काय झालं ते मला मागाहून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे मी कशासाठी तडफडत होते ते समजेल. काकू घरी आल्या, डब्याची फळी रिकामी दिसली. "विक्रम, निळ्या डब्यात माझी बोरमाळ होती." विक्रम हसला. "आई, ती तू विकलीस. मी दहा वर्षांचा होतो, मी ऐकलंय." काकूंनी सगळं खरं सांगितलं: चोऱ्या, हळदीकुंकू, ते विकल्याचं नाटक. विक्रमनं ऐकून घेतलं, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "बरं, बरं." त्या "बरं, बरं"नं काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या चिडल्या, आणि त्या चिडल्या म्हणून विक्रमची खात्री पटली. एकदा त्या गॅसवर दूध विसरल्या होत्या, एकदा शेजारणीला दुसऱ्याच नावानं हाक मारली होती. सगळं त्यानं एकाला एक जोडलं. आता तर आईला नसलेलं सोनंही दिसायला लागलं!

त्यानं सनीव्हेलजवळ एक मेमरी केअरची जागा बघितली, जिथे विसराळू म्हाताऱ्यांना सांभाळतात. टाउनहाउस विकायचं, आणि त्याआधी घरातलं सामान काढायला ऑक्टोबरमध्ये इस्टेट सेल, म्हणजे घरातच सगळ्यावर किमतीच्या चिठ्ठ्या लावून विक्री. काकू दीड महिना भांडल्या. पण मित्रांनो, रोज चार माणसं तेच सांगायला लागली की पाचव्याचाही स्वतःवरचा विश्वास डळमळतो. एके दिवशी काकूंनी स्वतःलाच विचारलं, "खरंच विकली होती का मी?" आणि त्या दिवशी त्यांनी मेमरी केअरच्या कागदावर सही केली. हे ऐकलं तेव्हा मला जितकं वाईट वाटलं तितकं त्या पिशवीतही वाटलं नव्हतं. माझं सोनं कुणी नाकारलं तर नाकारू दे. पण माझ्यापायी काकूंचं डोकं खोटं ठरावं? त्या खऱ्या होत्या याचा या जगात एकच पुरावा उरला होता, आणि तो थ्रिफ्ट स्टोअरच्या खुंटीला टांगलेला होता.

हो, खुंटीला. बटणं एका पिशवीत, डबा एका फळीवर, आणि मी खोट्या दागिन्यांच्या मिसळीत. शेजारी प्लास्टिकचे मोती. काय त्यांचा तोरा!

तिथे सकाळी नऊला दार उघडायच्या आधीच सोनं-चांदी शोधणाऱ्यांची रांग लागते. पहिला होता एक टोपीवाला आजोबा. गळ्यात भिंग, खिशात लोहचुंबक. खरं सोनं-चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही, म्हणून ते आधी लावून बघतात. मग भिंगातून शिक्का शोधतात. चौदा कॅरेट, अठरा कॅरेट, नाहीतर चांदीचं ९२५. आजोबानं पिशवीबाहेरूनच मला चाचपलं. चुंबकाला मी ढिम्म हलले नाही. त्याच्या भुवया वर गेल्या. मग त्यानं भिंग लावून माझी कडी उलटसुलट बघितली, मण्यामण्यावर शोधलं आणि तळहातावर तोललं. आत लाख, म्हणून मी दिसते तितकी जड नाही. "टू यलो, टू लाइट," तो पुटपुटला. "कॉस्च्यूम."

कॉस्च्यूम! नाटकातला दागिना! अरे, तुमचं ते अर्धं तांबं मिसळलेलं सोनं फिकट दिसतं हा माझा गुन्हा आहे का? मी पिवळी दिसते कारण मी आहेच सोनं! त्याच्यामागून आणखी सहाजण आले, सहाजणांनी शिक्काच शोधला. सोन्याकडे एकानंही बघितलं नाही. पाच आठवडे मी तशी लोंबकळत होते आणि एक दिवसही मान खाली घातली नाही.

मग एका शनिवारी सावनी आली. मूळची नाशिकची, इथे मटेरियल्स सायन्समध्ये मास्टर्स करणारी. तिला या शोधाचा नाद होता. गुरुवारी इस्टेट सेलच्या याद्या बघायच्या, शनिवारी सकाळी सातलाच दारावरच्या कागदावर नंबर लावायचा. आत शिरल्यावर सगळे दागिन्यांच्या काचेकडे धावतात, ही मात्र आधी शिवणाच्या टोपलीकडे आणि बाथरूमच्या ड्रॉवरकडे जायची. "लोक विसरतात तिथे सापडतं," ती म्हणायची. त्या दिवशी सेल लवकर आटोपला म्हणून ती थ्रिफ्ट स्टोअरमध्ये डोकावली. बरोबर शंतनू होता, तिचा वर्गमित्र, कारण गाडी त्याची होती.

"शंतनू, ही बोरमाळ आहे!"

"यार, मार्क नाही काही. सोड ना. दिवाळी गॅदरिंगला घालायला घेतेयस का?"

"मार्क कुठून असणार? माझ्या आजीच्या पाटल्यांवरही नाहीये."

तिनं पिशवी घेतली आणि गाडीत बसल्या बसल्या फोडली. नखाएवढं भिंग डोळ्याला लावून तिनं शिक्का शोधला नाही, मण्याचं भोक बघितलं. कडेला लाखेची तपकिरी रेघ दिसत होती. घरी जाऊन तिनं काळा कसाचा दगड काढला, माझा एक मणी त्यावर ओढला आणि उमटलेल्या रेघेवर ॲसिडचा थेंब टाकला. चौदाचं ॲसिड झालं, अठराचं झालं. लावा, म्हटलं, आणखी लावा, काय बाटल्या आहेत त्या सगळ्या लावा! बावीसच्या ॲसिडलाही रेघ हलली नाही. "आईशप्पथ!" शंतनू ओरडला. "लॉटरी लागली तुला! उद्याच आटवायला दे."

आणि ती दुसऱ्या दिवशी खरंच सोनं विकत घेणाऱ्याच्या दुकानात गेली. तिला दोष देत नाही मी. पुढच्या सेमिस्टरची फी तिच्या उरावर होती, आणि मला तिनं चोरून आणलं नव्हतं. दुकानदारानं मला एका यंत्राखाली धरलं, आकडा बघितला आणि भाव सांगितला. मग म्हणाला, आतला कचरा जाळावा लागेल, आधी एक मणी कापून बघतो. कचरा! एकनाथ सोनाराची लाख म्हणजे कचरा! त्यानं कातरी उचलली. इतकी वर्षं ताठ राहिलेली मी, तेव्हा मात्र म्हटलं, आता संपलं सगळं.

दोरा कापायला त्यानं तो ताणला आणि सावनीची नजर त्यावर गेली. चपटा, पांढरा, मेण लावलेला, दर दोन मण्यांमध्ये गाठ. "एक मिनिट," ती म्हणाली. "हा डेंटल फ्लॉस आहे."

"सो?"

"सो हे कुणीतरी घरी बसून ओवलंय. इथेच, अमेरिकेत. कुणातरी काकूंनी." तिनं मला त्याच्या हातातून काढूनच घेतलं. "सॉरी. मला नाही विकायचं."

माझा जीव भांड्यात पडला. शंतनूनं मात्र गाडीत तिला भरपूर सुनावलं. "पागल आहेस तू. ज्यांची असेल त्यांनी डोनेट केलीय, यार!" सावनी म्हणाली, "बोरमाळ कुणी डोनेट करत नाही. चुकून जाते."

तिनं महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं: फ्रीमाँटच्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये एक मराठी दागिना सापडलाय, कुणाचा आहे? फोटो टाकला नाही. फक्त विचारलं, कोणता दागिना आणि कशात ओवलाय. अगं बाई, दोन दिवसांत चाळीस मालकिणी उगवल्या! कुणाची ठुशी, कुणाची मोहनमाळ, कुणाचं चपलाहाराचं पदक. कुणी म्हणे रेशमात, कुणी म्हणे सोन्याच्या तारेत. एकीनं तर थेट पत्ताच पाठवला, कुरिअर करा म्हणून! सावनी एकेकीला नाही म्हणत राहिली.

तिसऱ्या दिवशी एक फोन आला. आन्याचा. ती मंडळाच्या ढोल पथकात होती, म्हणून त्या ग्रुपवर होती. तिला त्या डब्याच्या खुळखुळीनं आधीच झोप लागत नव्हती. "माझी आजी... शी हॅड अ नेकलेस. सगळे म्हणतात की शी इमॅजिन्ड इट. बट आय पुट दॅट टिन इन द बॉक्स. मी टाकला होता."

"आजीला विचार, कशात ओवली होती."

"बाबा आजीला कुणाला काही विचारू देत नाहीत. शी गेट्स अपसेट. शनिवारी घरी इस्टेट सेल आहे. कॅन यू जस्ट कम?"

शनिवारी सावनी नेहमीसारखी सातला पोचली आणि दारावरच्या कागदावर नाव लिहिलं. फरक एवढाच की या वेळी सोनं तिच्या पर्समध्येच होतं. दार उघडलं आणि माणसं आत घुसली. पर्सची चेन उघडी होती, मला सगळं दिसत होतं. माझं घर! पितळी समईवर चिठ्ठी, कुकरवर चिठ्ठी, जगन्नाथकाकांच्या टेबलावर चिठ्ठी. अनोळखी हात सगळ्या कपाटांत. आणि हॉलच्या मधोमध, जेवणाच्या खुर्चीत, काठापदराची साडी नेसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून काकू बसलेल्या. सकाळपासून त्यांना बाहेर फिरायला न्यायचा बेत होता म्हणे. त्या उठल्याच नव्हत्या. सेलवाली बाई पाट्या हातात घेऊन हताश उभी होती.

तेवढ्यात तो टोपीवाला आजोबा पुढे आला. हो, तोच! त्यानं अदबीनं विचारलं, ही खुर्ची विकायची आहे का?

"चेअरवर टॅग आहे," काकू म्हणाल्या. "माझ्यावर नाही. उठवून दाखवा मला."

माणसं थबकली. विक्रम घाईघाईनं आला, लाल तोंडानं. "आई, प्लीज. सगळ्यांसमोर नको."

"सगळ्यांसमोरच. माझं घर सगळ्यांसमोर विकतोयस ना?"

मी मनात म्हटलं, शाबास काकू! आन्यानं सावनीचा हात धरून तिला पुढे ओढलं. सावनी खुर्चीशी जमिनीवरच बसली. "काकू, मी सावनी. तुमची बोरमाळ होती?"

विक्रम मध्ये पडला. "हे बघा, तिला हे विचारू नका. शी गेट्स कन्फ्यूज्ड."

"बाबा, लेट हर आन्सर!" आन्या ओरडली. ती आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडत होती, हे विक्रमच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"होती," काकू म्हणाल्या. आवाज थोडा कापला. "निळ्या डब्यात होती. मला तरी तसं वाटतं."

ते "मला तरी तसं वाटतं" ऐकून मला रडू आलं. काकू असं कधी बोलत नसत.

"कशात ओवली होती, काकू?"

काकूंनी मान वर केली. "दातांच्या दोऱ्यात. फ्लॉस. पटवेकरी मिळतो का इथे? दर दोन मण्यांमध्ये गाठ मारली. एकतीस मणी. यांनी सोफ्याखालून शोधून दिले होते." त्या थांबल्या, आणि एकदम त्यांचे डोळे लखलखले. "आणि कडीपासून सातवा मणी चेपलेला आहे."

मित्रांनो, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. दागिन्याला आपलं व्यंग सांगायला लाज वाटते.

"कशानं चेपला?" सावनीनं विचारलं.

"ह्यानं!" काकूंनी विक्रमकडे बोट केलं. "आठ महिन्यांचा होता. वरचे दोन दात नुकते आले होते. कडेवर घेतला की माळ तोंडात. एकदा असा कडकडून चावला!"

सावनीनं पर्समधून मला बाहेर काढलं. एक, दोन, तीन करत मोजलं आणि सातवा मणी विक्रमपुढे धरला. सोनं मऊ, आत लाख, दोन बारीक खळगे अजून तसेच होते. चव्वेचाळीस वर्षांचा विक्रम स्वतःच्या दातांचे व्रण बघत राहिला. हॉलमध्ये कुणी कुकरसुद्धा उचलत नव्हतं. टोपीवाल्या आजोबानं भिंग पुढे करून मला बघायची परवानगी मागितली. काकू म्हणाल्या, "नो." मला फार बरं वाटलं.

मग काकू उठल्या. वॉकर घेतला नाही, आन्याच्या खांद्यावर हात ठेवला. सेलवाल्या बाईला म्हणाल्या, "सेल कॅन्सल. तुमचा वेळ गेला, सॉरी. चहा घेऊन जा." लोक कुरकुरत बाहेर पडले. कुणी घेतलेलं पातेलं परत ठेवलं, कुणी पितळी डबा. काकूंनी हातानं पहिली चिठ्ठी काढली ती जगन्नाथकाकांच्या टेबलाची.

विक्रम भिंतीला टेकून उभा होता. "आई, सॉरी. पण तूच सांगितलं होतंस की विकली."

"सांगितलं होतं. खोटं बोलले मी, चौतीस वर्षांपूर्वी, आणि ती माझी चूक. यांच्यामागे तरी तुला सांगायला हवं होतं." काकूंचा आवाज आता कापत नव्हता. "पण दीड महिना मी खरं सांगत होते. त्या दीड महिन्यात तू मला डॉक्टरांकडे नेलंस, होम दाखवलंस, कागदांवर सही घेतलीस. एकदा तरी त्या दुकानात जाऊन विचारलंस का, की आमचा निळा डबा इथे आलाय का?"

विक्रम खाली बसला आणि त्यानं तोंड हातांनी झाकलं. काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण सेल कॅन्सल तो कॅन्सलच. मेमरी केअरच्या कागदाचे तुकडे आन्यानं केले. सावनी उठून निघाली तशी काकूंनी तिला थांबवलं, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून बजावलं, आणि बाहेर गाडीत बसलेल्या शंतनूलाही आत बोलवायला लावलं.

त्या दिवसापासून मी डब्यात नसते. टी-शर्टावर, स्वेटरवर, काकू बागेत चालायला जातात तेव्हा, रोज गळ्यात असते. आन्यानं मला रेशमात ओवून आणायचं सुचवलं, तर काकू म्हणाल्या, "काही नको, हाच दोरा बोलला माझ्या बाजूनं." शिक्का मारून घ्यायचाही प्रश्न आला. मी मारून घेणार नाही. ज्याला पारख नाही त्यानं माझ्याकडे बघूच नये.

अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूंना जपा म्हणून हात जोडतात. मी हात जोडणार नाही, मित्रांनो. मला जपायला मी खंबीर आहे. तुम्हाला मी बजावून सांगते: घरातलं म्हातारं माणूस जेव्हा म्हणेल "इथे होतं," तेव्हा आधी उठा आणि शोधा. कपाट शोधा, गॅरेज शोधा, ज्या दुकानात खोकी दिलीत तिथे जाऊन शोधा. शोधून शोधून थकलात, तरच त्याच्या डोक्यावर शंका घ्या. त्याआधी नाही.